खलपुरुषाची वाणी आणि तिचा श्रोता

१

हबीब तन्वीर यांनी १९५८ साली दिल्लीच्या हिंदुस्तानी थिएटरसाठी शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ हे नाटक ‘मिट्टी की गाडी’ या नावाने रंगमंचावर आणले, तेव्हा त्या प्रयोगात छत्तीसगढमधील सहा लोककलावंत होते. तन्वीर हे मूळचे रायपूरचे. त्यांचा जन्म १९२३ साली तेथे झाला, शालेय शिक्षण तेथेच झाले आणि पदवी त्यांनी नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून घेतली. इंग्लंडमधील नाट्यशिक्षण आणि बर्लिनमधील मुक्काम संपवून परतल्यावर त्यांनी आपल्याच मुलखातील ‘नाचा’ या लोकनाट्याच्या कलावंतांकडे पाहिले. या कलावंतांकडून त्यांच्या मातृबोलीतच नाटक करवून घेतले पाहिजे, हा तन्वीरांचा निष्कर्ष पुढे १९७० नंतरच्या दशकात पक्का झाला आणि ‘मिट्टी की गाडी’लाही छत्तीसगढी बोली लाभली.

या घटनेने ‘मृच्छकटिका’च्या वाचकापुढे एक प्रश्न उभा राहतो. मूळ नाटकात भाषांची एक उतरंड आहे. चारुदत्त संस्कृत बोलतो, वसंतसेना आणि मैत्रेय प्राकृत बोलतात, आणि राजाचा मेहुणा असलेला संस्थानक ज्या बोलीत बोलतो तिच्यात ‘स’च्या जागी सर्वत्र ‘श’ येतो. ‘शकार’ या नावाशी ही बोली कायमची जोडली गेली आहे. म्हणजे या खलपुरुषाचे खलत्व प्रथम कानावर पडते ते त्याच्या उच्चारातून. परंतु चारुदत्तापासून चांडाळापर्यंत सर्वांच्या तोंडी एकच ग्रामीण बोली आली की ही खूण पुसली जाते. बोली हा दोष राहत नाही. मग शकाराच्या बोलण्यात खल असे काय उरते?

हा प्रश्न मराठी नाटकालाही परका नाही. गोविंद बल्लाळ देवल यांनी ‘मृच्छकटिक’ संगीत नाटकाच्या रूपाने मराठीत आणले. प्राकृतांची उतरंड मराठीत जशीच्या तशी येणे शक्यच नव्हते. याच देवलांनी १८९० साली ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ लिहिले आणि १८९९ साली ‘शारदा’ हे स्वतंत्र सामाजिक नाटक रंगभूमीला दिले. शकार, इयागोचा मराठी अवतार जाधवराव आणि लग्ने जुळविणारा भद्रेश्वर दीक्षित हे तीन वेगवेगळ्या जातीचे खलपुरुष अशा रीतीने एकाच नाटककाराच्या लेखणीतून मराठी प्रेक्षकापुढे आले. तिघेही शब्दांनी माणसे वळवितात. परंतु त्यांच्या शब्दांची शक्ती कोठून येते याचा शोध घेतला, तर तिघांची उत्तरे निराळी येतात.

२

वक्ता म्हणून शकार हा कमालीचा निकृष्ट आहे. पहिल्या अंकात अंधारात वसंतसेनेचा पाठलाग करताना तो रामायण-महाभारतातील पात्रांची अशी काही सरमिसळ करतो की कोणती स्त्री कोणाची आणि कोणी कोणाला पळविले, याचा पत्ता लागू नये. त्याला फुलांचा गंध ऐकू येतो. त्याच्या उपमा त्याच्याच अंगावर उलटतात. सोबतचा विट सुसंस्कृत आहे; शकाराची चाकरी करीत असतानाच तो वसंतसेनेला निसटून जाण्याची सूचना शब्दांच्या आडून देतो. त्या प्रवेशात वक्तृत्व आहे ते विटाचे.

असे असूनही नाटकातील प्रत्येक वळणावर शकाराचाच शब्द चालतो. आठव्या अंकातील पुष्पकरंडक उद्यानातील प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. गाड्यांच्या अदलाबदलीमुळे वसंतसेना शकाराच्या हाती सापडते. तिला मारण्यास तो प्रथम विटाला सांगतो, मग सोन्याची लालूच दाखवून चेट स्थावरकाला सांगतो. दोघेही नकार देतात. चेट तर परलोकाच्या भयाने नकार देतो आणि त्यासाठी मार खातो. येथपर्यंत शकाराचे सारे युक्तिवाद फसलेले आहेत. मग तो विटाला दूर करण्यासाठी म्हणतो की तुझ्यासमोर ही लाजते. विट जाताना तिला ठेव म्हणून त्याच्या स्वाधीन करतो. शकार ते मान्य करतो. पण त्याच्या बोलीत ‘न्यास’ आणि ‘नाश’ हे दोन्ही शब्द कानाला सारखेच लागतात. विटाला ऐकू येतो तो न्यास. शकार बोलतो तो नाश. त्यानंतर तो फुले तोडतो, प्रियकराचे सोंग आणतो आणि विटाच्या मनातील उरलीसुरली शंका मावळते.

येथे शूद्रकाने फार खोल गोष्ट साधली आहे. ज्या उच्चारदोषावर प्रेक्षक पहिल्या अंकापासून हसत आला, तोच दोष या क्षणी हत्यार होतो. शकाराने हा श्लेष जाणून केला की नाही, हे ठरविण्याची गरज नाही. शब्दाचे दोन अर्थ होते आणि त्यांपैकी स्वतःला सोयीचा अर्थ विटाने निवडला. विट सज्जन असला तरी शकाराच्या अन्नावर जगणारा आहे. तेथून निघून जाण्यासाठी त्याला एक कारण हवे होते आणि ते त्याला मिळाले.

नवव्या अंकातील न्यायसभा ही याच सूत्राची मोठी आवृत्ती आहे. भासाचे ‘चारुदत्त’ आज चारच अंकांचे उपलब्ध आहे आणि त्यात ही न्यायसभा येत नाही. आपण पाहतो ती न्यायसभा शूद्रकाच्या नाटकाची आहे. न्यायाधिकारी आज शकाराची फिर्याद ऐकण्यास प्रथम नकार देतो. शकार सांगतो की मेहुण्याला, म्हणजे पालक राजाला सांगून तुम्हाला काढून टाकीन. फिर्याद लगेच ऐकली जाते. त्यानंतर वसंतसेनेचा दागिन्यांसाठी उद्यानात गळा दाबला गेला हे सांगता सांगता, आपण तो दाबला नाही, असेही तो न विचारता बोलून जातो. लेखक ते शब्द लिहून घेतो. चूक ध्यानात येताच शकार पुढे होऊन ते लिहिलेले पायाने पुसून टाकतो.

संपूर्ण भारतीय नाट्यवाङ्मयात इतकी बोलकी रंगसूचना क्वचितच सापडेल. गुन्हेगाराने स्वतःच्या तोंडाने गुन्ह्याची दिशा दाखविली, ती लिहिली गेली आणि भर सभेत पुसली गेली. न्यायाधिकाऱ्याने ते पाहिले. तो मूर्ख नाही, दुष्टही नाही. चारुदत्ताविषयी त्याला आदरच आहे. परंतु पुसलेले पुन्हा लिही, असे तो म्हणत नाही.

पुढे जे घडते ते अधिक भयावह आहे, कारण पुढचा प्रत्येक साक्षीदार खरे बोलतो. वसंतसेनेची आई सांगते की मुलगी चारुदत्ताकडे गेली होती. हे खरे आहे. वीरक स्वतःला बसलेल्या लाथेची तक्रार घेऊन आलेला असतो. तो सांगतो की चारुदत्ताची गाडी वसंतसेनेला उद्यानाकडे नेत असल्याचे आपल्याला सांगण्यात आले. हेही खरे आहे. उद्यानात एका स्त्रीच्या देहाचे अवशेष आढळतात. ती स्त्री दुसरीच, पण अवशेष खरे. मैत्रेयाच्या काखेतून दागिने खाली पडतात. ते वसंतसेनेचेच आहेत. गणिकेशी असलेला स्नेह उघड करताना चारुदत्त संकोचतो आणि हा संकोचही खरा असतो. इतक्या खऱ्या गोष्टींची बेरीज एका असत्यात होते. शकाराने यांतील एकही पुरावा रचलेला नाही. त्याने सभेला एक अर्धे वाक्य दिले आणि ते पुरे करण्याचे काम सभेने केले.

३

जाधवरावाकडे वळल्यावर वातावरण पालटते. ‘ऑथेल्लो’ मराठीत प्रथम १८६७ साली महादेवशास्त्री कोल्हटकरांच्या भाषांतराने आले. देवलांनी त्या कथानकाला मराठी नावे, मराठी माणसे आणि रंगभूमीवर खेळती राहील अशी भाषा दिली. शेक्सपिअरचा इयागो आणि त्याच्यावरून घडलेला जाधवराव यांच्यापाशी शकाराची सत्ता नाही. हा हाताखालचा माणूस. तो धमकी देऊ शकत नाही, हुकूम सोडू शकत नाही. त्याचे सारे भांडवल म्हणजे त्याच्या प्रामाणिकपणाविषयीची लोकांची समजूत.

इयागोच्या पद्धतीचे तीन विशेष सांगता येतील. पहिला, तो विधान करीत नाही. कॅसिओला जाताना पाहून तो एक नापसंतीचा उद्गार काढतो आणि विचारल्यावर, काही नाही, म्हणून मागे घेतो. ऑथेल्लो प्रश्न विचारतो तेव्हा तोच प्रश्न तो त्याला परत करतो. दुसरा विशेष असा की तो संशयापासून सावध राहण्याचा उपदेश करतो. ज्या रोगाचे नावही ऐकणाऱ्याच्या मनात नव्हते, त्याचे पथ्य तो सांगतो आणि पथ्य ऐकून रोग जडतो. तिसरा विशेष सर्वांत महत्त्वाचा आहे. तो ऑथेल्लोला नवे असे फारसे काही सांगत नाही. डेस्डिमोनाने बापाला फसवून लग्न केले, व्हेनिसच्या स्त्रियांच्या चालीरीती परक्याला ठाऊक नसतात, वय आणि वर्ण यांचे अंतर मोठे आहे, या साऱ्या गोष्टी ऑथेल्लोच्या मनात आधीच आहेत. पहिली तर डेस्डिमोनाचा बापच भर सभेत बोलून गेलेला आहे.

आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर इयागोची वाणी व्यंजनेवर चालते. आनंदवर्धनाने ध्वनीचा विचार केला तो काव्याच्या संदर्भात. न बोललेला अर्थ सहृदयाच्या ठिकाणी उमलतो आणि तो बोललेल्या अर्थापेक्षा श्रेष्ठ ठरतो, हे त्याचे प्रतिपादन. परंतु तोच व्यापार खलपुरुषाच्या हाती गेला म्हणजे काय होते, याचे उत्तर या नाटकात आहे. व्यंग्य अर्थ श्रोता स्वतः शोधतो, म्हणून तो त्याला स्वतःचा वाटतो. दुसऱ्याचे म्हणणे तपासावे असे माणसाला सुचते. स्वतःला सापडलेले सत्य तो तपासत नाही. या अर्थाने ऑथेल्लो हा इयागोचा सहृदय आहे आणि हीच त्याची शोकांतिका आहे. मंथरेचे उदाहरण आपल्याला जवळचे. रामाच्या अभिषेकाची वार्ता ऐकून कैकेयी प्रथम आनंदाने मंथरेला अलंकार देते. मंथरा तिला भरताची काळजी नव्याने शिकवीत नाही. आईच्या मनात असलेल्या काळजीला ती फक्त शत्रूचा चेहरा देते.

शकार अभिधेच्या पलीकडे जाऊ शकत नाही. जे म्हणायचे ते तो उघड म्हणतो आणि बहुधा चुकीचेही म्हणतो. म्हणूनच त्याचे वाक्य पुरे करायला राजाची सत्ता लागते. इयागोचे वाक्य पुरे करायला श्रोत्याचे मन पुरते.

४

‘शारदे’तील भद्रेश्वर दीक्षित हा या दोघांच्या मधला. प्रेक्षक त्याला हसतो, त्यामुळे त्याला खलपुरुष म्हणावे की नाही, असा संकोच वाटू शकतो. परंतु त्याच्या बोलण्याचा परिणाम पाहिला तर संकोचाचे कारण नाही. पंचाहत्तरीतल्या भुजंगनाथाला अजून लग्न शोभते, असे त्याला वाटायला लावणे आणि कांचनभटाला पोटच्या मुलीच्या मोबदल्यात द्रव्याचा मार्ग दाखविणे, हे त्याचे उद्योग. या दोघांपैकी कोणाची फसवणूक झाली, असे म्हणता येईल काय? भुजंगनाथाला आपले वय ठाऊक आहे. कांचनभटाला जावयाचे वय दिसते आहे. भद्रेश्वर त्यांना असत्य पटवून देत नाही. त्यांच्या वासनेला आणि लोभाला तो प्रतिष्ठित शब्द मिळवून देतो. आणि शास्त्र, रूढी, मुलीचे कल्याण हे शब्द समाजाने आधीच तयार करून ठेवलेले असतात. भद्रेश्वराचे अर्धे वाक्य रूढी पुरे करते.

देवलांनी या विचाराचे शेवटचे टोक गाठले ते ‘संशयकल्लोळा’त. हे नाटक १९१६ साली, देवलांच्या निधनानंतर, संगीत रूपात रंगभूमीवर आले. येथे खलपुरुषच नाही. एक तसबीर चुकीच्या हाती पडते, एका मूर्च्छित स्त्रीला आधार देताना फाल्गुनराव कृत्तिकेच्या दृष्टीस पडतो, आणि नवरा-बायको दोघेही संशयाचे इमले बांधू लागतात. ‘झुंझाररावा’त पत्नीच्या प्राणावर बेतलेला संशय येथे हास्याचा विषय होतो. परंतु संशयाची घडण तीच आहे: एक वस्तू, एक अर्धवट दिसलेले दृश्य आणि ते पुरे करणारे मन. एकाच नाटककाराची ही दोन नाटके शेजारी ठेवून वाचली की एक गोष्ट स्पष्ट होते. इयागो काढून घेतला तरी संशय शिल्लक राहतो. तो माणसाच्या मनाचाच असतो. खलपुरुष फक्त त्याची वेळ साधतो.

म्हणून ‘खलपुरुषाने भोळ्या नायकाला फसविले’ हे आपल्या समीक्षेत सवयीने येणारे वाक्य सावधपणे वापरले पाहिजे. त्या वाक्याने खलपुरुषाच्या चातुर्याचा गौरव होतो आणि श्रोत्याला निर्दोष सोडले जाते. न्यायसभा, नवरा आणि बाप या तिघांचीही जबाबदारी त्यात लपते.

५

आता रायपूरच्या त्या कलावंतांकडे परतता येईल. छत्तीसगढी ‘मिट्टी की गाडी’त शकाराची बोली हास्यास्पद राहत नाही, कारण तीच बोली चारुदत्ताचीही आहे. संस्कृत वाचकाला उच्चारावर हसून मोकळे होण्याची जी सोय होती, ती या प्रेक्षकाला नाही. शकार परका विदूषक न राहता ओळखीचा माणूस होतो: गावातल्या मोठ्या घराचा मेहुणा, ज्याच्या अडाणी बोलण्याला लोक पाठीमागे हसतात आणि समोर मान डोलावतात. नाचाच्या रंगणात पडदा नसतो, प्रेक्षक जवळ असतो आणि थट्टेला जोक्कड सदैव सज्ज असतो. अशा रंगणात खलपुरुषाचे बोलणे कोण का ऐकून घेतो, हे शब्दांपेक्षा ऐकणाऱ्यांच्या वागण्यातून अधिक उघड होते. मूळ संहितेत दडलेला अर्थ बोलीच्या समतेमुळे वर आला, असेच म्हणावे लागते.

तन्वीरांच्या ‘चरणदास चोर’ (१९७५) या नाटकाकडे या विवेचनाच्या प्रकाशात पाहिले तर ते शकाराचा उलटा आरसा वाटते. विजयदान देथा यांच्या राजस्थानी कथेवरून छत्तीसगढी बोलीत घडलेल्या या नाटकाला १९८२ साली एडिनबरोच्या महोत्सवात पारितोषिक मिळाले. त्याचा नायक चोर आहे. सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही, अशी घडण्याचा संभवच नसलेली चार व्रते तो थट्टेने गुरूला देतो. गुरूच्या सांगण्यावरून पाचवे व्रत येते ते खरे बोलण्याचे. पुढे चारही प्रसंग खरोखर त्याच्यासमोर उभे राहतात. राणी त्याला लग्नाची मागणी घालते. तो नकार देतो. तेव्हा, निदान ही गोष्ट कोणाला सांगू नकोस, एवढेच ती मागते. खोटे न बोलण्याचे व्रत असल्याने तो तेही वचन देऊ शकत नाही आणि जिवाला मुकतो.

राणी ही रूढ अर्थाने खलनायिका नाही. फिदाबाईंनी रंगविलेल्या या राणीच्या बोलण्यात आर्जव आहे, अधिकार आहे आणि भयही आहे. तिला चोराकडून फार काही नको होते. तिच्या वाक्याच्या शेवटी त्याचे मौन तेवढे हवे होते. ते मौन त्याने दिले असते तर तो जगला असता. नवव्या अंकातील न्यायाधिकाऱ्याने शकाराला नेमके तेच दिले. एक विद्वान न्यायाधीश जे करू शकला नाही, ते एका चोराने केले: दुसऱ्याचे अर्धे वाक्य पुरे करण्यास नकार दिला.

६

खलपुरुषाच्या वाणीवर उपाय काय, या प्रश्नाला नाटककार सहसा उत्तर देत नाही. त्यापेक्षा अधिक चांगले वक्तृत्व हा उपाय नव्हे, इतके मात्र या नाटकांवरून दिसते. ‘ऑथेल्लो’त इयागोचा डाव उधळते ती एमिलिया. ती त्याची बायको आहे, तिच्यापाशी चातुर्य नाही, तिला फक्त रुमालाची हकीकत माहीत आहे. ती बोलते आणि तिचे बोलणे ऐकले जाते, पण तोवर डेस्डिमोना गेलेली असते आणि एमिलियाही जाते.

‘मृच्छकटिका’त एमिलियाच्या जागी स्थावरक आहे. दहाव्या अंकात चारुदत्ताला वधस्थानी नेत असताना बेड्यांत डांबलेला हा दास प्रासादावरून उडी घेतो आणि खून शकाराने केल्याचे ओरडून सांगतो. शकार त्याला हळूच सोन्याचे कडे देऊ करतो. स्थावरक ते सर्वांना दाखवितो: पाहा, मला लाच देतो आहे. शकार तत्काळ म्हणतो की हेच ते चोरलेले सोने, याच्याचसाठी मी याला बांधून मारले. चांडाळ दासाच्या अंगावरचे वळ पाहतात आणि त्यांना शकाराचे म्हणणे पटते. खरे बोलल्याबद्दल खाल्लेला मार हा चोरीचा पुरावा ठरतो. संपूर्ण नाटकात शकाराला साधलेला हा एकमेव हजरजबाबी युक्तिवाद. आणि तोही चालतो तो समोरचा साक्षीदार दास आहे म्हणून. दासाचे खरे कोणाला पटत नाही, हा स्थावरकाचा विषाद त्या न्यायसभेवरील सर्वांत कठोर निर्णय आहे.

शेवटी वसंतसेना जिवंत परतते, पालक मारला जातो, आर्यक राजा होतो आणि चारुदत्त शकाराला अभय देतो. मग कोणाला काय द्यावे हे विचारले जाते. शकाराचे पूर्वीचे स्थान तसेच राहू द्यावे, असे चारुदत्त सांगतो. या औदार्याची प्रशंसा करताना वाचकाने एवढे ध्यानात ठेवावे की पुढच्या फिर्यादीसाठी शकार पुन्हा त्याच सभेत येऊ शकतो. परंतु त्याच दमात स्थावरकाविषयी विचारले असता चारुदत्त म्हणतो की हा यापुढे दास नसावा. या दोन निर्णयांपैकी दुसरा अधिक दूरदृष्टीचा आहे. शकाराची जीभ जिथल्या तिथे राहिली, तरी आता त्याच्या समोर ज्याचा शब्द मोजावा लागेल असा एक माणूस उभा आहे.